नव्या सुशी काउंटरवर बसताना: काय पाहावं, काय मागावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. तोक्योच्या निशी-कासाई भागात राहणारं जोडपं आहे. त्या पुण्याच्या, यजमान मालवणचे. नोव्हेंबरात लग्नाचा वाढदिवस आहे. गिंझात नुकत्याच उघडलेल्या, आठच जागा असलेल्या सुशीच्या दुकानात रात्रीच्या ओमाकासेचं, म्हणजे काय खायचं ते कारागिरानंच ठरवायच्या जेवणाचं, आरक्षण मिळालं आहे, माणशी ३३,००० येन. त्याच आठवड्यात आई पुण्याहून येत आहेत आणि त्या कडक शाकाहारी आहेत. विचारलं आहे ते असं: एवढे पैसे नव्या, नाव नसलेल्या जागी घालावेत की जुन्या नावाजलेल्या दुकानाची वाट पाहावी, तिथलं चांगलं-वाईट आपल्याला कळणार कसं, कच्च्या माशाची भीती किती धरायची, आणि आईंना सोबत न्यावं का.

मी तोक्योतच सुशीच्या काउंटरमागे शिकलो. सुरुवात भांडी घासण्यापासून आणि मासे खवलण्यापासून झाली, मग भात हाती आला, आणि बऱ्याच उशिरा निगिरी, म्हणजे भाताच्या छोट्या गोळ्यावर मासा ठेवलेली सुशी, वळायला मिळाली. त्यामुळे माझं उत्तर आतल्या बाजूनं येईल. मत आधीच सांगून टाकतो: जरूर जा. आणि तिथे बसल्यावर लक्ष ट्यूनाच्या रंगावर कमी, भातावर आणि स्वस्त माशांवर जास्त ठेवा. ओतोरो (ट्यूनाच्या पोटाचा चरबीदार भाग), उनी (समुद्री साळूची अंडकोशं), खेकडा या वस्तू पैसे मोजले की बाजारातून येतात. भात आणि कोहादा नावाचा छोटा मासा मात्र समोरच्या माणसाच्या हातून घडावे लागतात. तुम्ही पैसे मोजताय ते त्या हातांसाठी.

आधी नवेपणाचं बोलू. गिंझात स्वतःचं दुकान थाटणारा ताइशो म्हणजे मुख्य कारागीर सहसा नवशिका नसतो. दुसऱ्याच्या हाताखाली दहा-पंधरा वर्षं काढल्याशिवाय या भागात भाडं भरण्याइतकी गिऱ्हाइकं त्याच्यामागे येत नाहीत. दुकान नवं असलं तरी हात जुना असतो, आणि तो कुठे घडला हे जाणून घेण्याची एक सोपी खूण दारातच असते. नव्या दुकानाच्या दाराशी पहिले काही आठवडे पांढऱ्या ऑर्किडच्या कुंड्या रांगेनं मांडलेल्या असतात. त्यांना कोचोरान म्हणतात आणि त्यांना वास जवळजवळ नसतो, म्हणून त्या सुशीच्या दुकानात चालतात. प्रत्येक कुंडीत पाठवणाऱ्याच्या नावाची पाटी खोचलेली असते. ती नावं वाचा, वाचता येत नसतील तर सोबतच्या जपानी मित्राकडून फोटोवरून वाचून घ्या. जिथे तो शिकला त्या गुरूचं नाव असेल तर माणूस रीतसर निरोप घेऊन बाहेर पडला आहे. बाजारातल्या घाऊक माशाच्या व्यापाऱ्यांची नावं असतील तर त्याला माल कुठून येणार तेही कळलं. दुकानात कोणती मानचिन्हं लावली आहेत यापेक्षा मला या पाट्या जास्त सांगतात.

व्यापाऱ्यांच्या नावाला एवढं महत्त्व का, हे सांगायला हवं. तोक्योचा मोठा मासळी बाजार ११ ऑक्टोबर २०१८ ला त्सुकिजीहून तोयोसूला हलला, पण तिथली व्यवहाराची पद्धत तीच राहिली. पहाटे ट्यूनाचा लिलाव होतो, त्यात बोली लावतात ते परवानाधारक मधले व्यापारी, आणि सुशीवाला माल घेतो तो त्यांच्याकडून. एकाच ट्यूनात पोटाचा पुढचा भाग, मधला भाग, पाठीचा भाग यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. कुठला तुकडा कुणाला द्यायचा हे व्यापारी ठरवतो, आणि तो ठरवताना केवळ भाव पाहत नाही. वर्षानुवर्षं रोज सकाळी येणारा, पडत्या दिवसातही माल उचलणारा माणूस त्याच्या लक्षात असतो. यामायुकीसारख्या नावाजलेल्या ट्यूना व्यापाऱ्याचा माल अमुक दुकानात येतो, असं गिऱ्हाइकं एकमेकांना सांगतात ते याचमुळे. नवा ताइशो जर गुरूच्या वतीनं वर्षानुवर्षं बाजारात गेला असेल तर ही ओळख त्याच्याबरोबर येते. नसेल तर पहिली दोन-तीन वर्षं त्याला ट्यूना मनासारखा मिळत नाही. त्याचा दोष नसतो तो, आणि चांगला कारागीर अशा वेळी ट्यूनाचे तुकडे कमी करून इतर माशांवर आपली मेहनत दाखवतो. पानात ट्यूना दोनच आला म्हणून नाराज होऊ नका.

नव्या दुकानात खरोखर स्थिरावलेला नसतो तो भात.

भाताला सुशीवाले शारी म्हणतात. तांदूळ तोच, शिर्का (व्हिनेगर) तोच, प्रमाण तेच असलं तरी जागा बदलली की भात बदलतो. गॅसच्या ज्योतीचा जोर वेगळा, भांडं वेगळं, खोलीतली हवा वेगळी, शिर्का कालवण्याच्या जागेपासून काउंटरपर्यंतचं अंतर वेगळं. भात थोडा कमी पाण्यात शिजवतात, गरम असतानाच लाकडी परातीत उलटून त्यावर शिर्का-मीठ घालतात आणि शीत न मोडता कालवतात. मग तो मुरू द्यायचा, आणि हाताच्या उबेइतका गरम असतानाच वळायचा. यातली वेळ चुकली की एकतर शीत बाहेरून ओलं राहतं किंवा गोळा घट्ट होतो. चांगल्या दुकानात एका संध्याकाळी भात एकदाच शिजवून ठेवत नाहीत. दोन पंगती असतील तर दोनदा, कधी त्याहून जास्त वेळा लावतात. मी भातावर होतो तेव्हा पावसाळी दिवशी आणि कोरड्या दिवशी पाण्याचं माप वेगळं असे, नवा तांदूळ आला की पुन्हा वेगळं. नोव्हेंबरात नवं पीक बाजारात असतं, त्यात ओल जास्त असते, म्हणून पुष्कळ जण जुन्या तांदळात थोडा-थोडा मिसळत जातात किंवा जुनाच वापरतात. नव्या स्वयंपाकघरात हे गणित बसायला एक पूर्ण ऋतुचक्र तरी जातं.

तुम्हाला ते कसं कळेल? पहिली निगिरी समोर ठेवली की ती क्षणभर पाहा. चांगली वळलेली शारी ठेवल्यावर किंचित खाली बसते, कारण आत हवा असते. तोंडात घातल्यावर ती दाबून फोडावी लागू नये, जिभेवर आपोआप सुटावी, आणि शीत न् शीत वेगळं जाणवावं. मासा आणि भात एकाच वेळी संपले पाहिजेत. मासा गिळून झाला आणि भात तोंडात उरला, तर तिथे काही जमलेलं नाही. रंगाचंही सांगतो: भात तपकिरी झाकेचा दिसला तर तो लाल शिर्क्याचा आहे. साके गाळून उरलेला चोथा काही वर्षं मुरवून हा शिर्का करतात. हांदा गावच्या नाकानो माताझाएमोन यांनी १८०४ मध्ये तो करायला घेतला, आणि तिथून जहाजानं एदोला, म्हणजे आजच्या तोक्योला, जायला लागला. हाताने वळलेली निगिरी त्यानंतर थोड्याच वर्षांत, १८२० च्या दशकात, एदोत रूढ झाली. तिचं श्रेय बहुतेक जण हानाया योहेई यांना देतात. लाल शिर्क्याचा भात उग्र वाटतो, पुष्कळ ठिकाणी त्यात साखर नसते. पुण्यामुंबईत गोडसर पांढऱ्या भाताची सुशी खाऊन गेलेल्या माणसाला तो पहिल्या घासाला खारट लागतो. तिसऱ्या-चौथ्या निगिरीपर्यंत थांबा. चरबीच्या माशाबरोबर तो कशासाठी तसा केला आहे ते कळतं.

आणि समोर आली की खा. फोटो, गप्पा, नवऱ्याची वाट पाहणं, सगळं नंतर. तव्यावरून उतरलेली भाकरी जशी पानात पडताच मोडायची असते, तशीच ही गोष्ट आहे. भात उबदार, मासा त्याहून थंड, आणि या दोघांमधला फरक अर्ध्या मिनिटात नाहीसा होतो. ताइशो तुमच्या खाण्याच्या वेगावर पुढची निगिरी वळत असतो. तुम्ही दोन मिनिटं थांबलात तर त्याचा पुढचा सगळा हिशेब बिघडतो, आणि आठ जण एकाच वेळी सुरुवात करत असतील तर शेजाऱ्यांचाही.

आता कोहादा. तारलीच्या जवळच्या कुळातला, बोटभर, चांदीसारख्या चकाकत्या पाठीचा हा मासा ताजा तसाच खाल्ला तर कुणी दुसऱ्यांदा मागणार नाही. त्याला पाठीतून किंवा पोटातून चिरून उघडायचं, काटे काढायचे, मीठ लावून ठेवायचं, धुवायचं, शिर्क्यात बुडवायचं, मग निथळून एखादा दिवस किंवा जास्त मुरू द्यायचं. मीठ किती मिनिटं आणि शिर्का किती मिनिटं हे माशाच्या आकारावर, त्यातल्या चरबीवर आणि त्या दिवशीच्या हवेवर ठरतं. एकाच टोपलीतले लहानमोठे मासे वेगवेगळ्या वेळी बाहेर काढावे लागतात. यात लपवायला जागा नसते. नीट साधला तर आंबटपणा पुढे येत नाही, मीठ पुढे येत नाही, आणि कातडी दाताखाली आखडत नाही. हा मासा वाढत जातो तशी त्याची नावं बदलतात. अगदी पिल्लू असताना तो शिंको. ऐन उन्हाळ्यात पहिला शिंको बाजारात आला की त्याचा किलोचा भाव ट्यूनाला मागे टाकतो आणि एका निगिरीवर तीन-चार पिल्लं लागतात. नोव्हेंबरात तुम्हाला मोठा, चरबी धरू लागलेला कोहादा मिळेल. ती निगिरी लक्ष देऊन खा. ती आवडली नाही तरी चालेल, पण तिच्यात केलेली मेहनत ओळखता आली तर त्या माणसाची पत कळेल.

तसंच अनागोचं. ही वाम जातीची समुद्री बाम, मऊ शिजवलेली, वर तिच्याच रश्शाचा आटवून केलेला गोडसर त्सुमे लावलेला. टाळू आणि जीभ यांमध्येच विरघळली पाहिजे, पण वळताना मोडायला नको. यातला समतोल रोज नव्यानं साधावा लागतो. शेवटी अंड्याचा तामागो येईल. कोळंबीचा लगदा आणि जपानी कंद घालून, मंद आचेवर, केकसारखा भाजलेला. बरीच दुकानं तो एकेकाळी बाहेरून विकत घेत. नव्या माणसानं स्वतः केला असेल तर तो कौतुकानं खा.

एक खास सुचवणी. ठरलेला क्रम संपला की ‘आणखी काही हवं का’ असं विचारतात. तिथे उनी किंवा ओतोरो पुन्हा न मागता कांप्यो-माकी मागा. कांप्यो म्हणजे दुधी भोपळ्याच्या जातीच्या फळाच्या सोललेल्या, वाळवलेल्या लांब पट्ट्या; जपानात पिकणारा जवळजवळ सगळा तोचिगी प्रांतातून येतो. त्या भिजवून, सोया आणि साखरेत शिजवून भातासह नोरीत, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या पातळ पानात, गुंडाळतात. आपल्याकडे दुधी घरोघरी शिजतो, पण तो असा कुणी करत नाही. स्वस्तातली गोष्ट आहे, नोरी कुरकुरीत असतानाच खायची आहे, आणि ती कुणी मागितली की काउंटरमागच्या माणसाचा चेहरा खुलतो, हे मी दुसऱ्या बाजूला उभा राहून कितीदा पाहिलं आहे.

सॅमन मागू नका. एदोमाए, म्हणजे जुन्या तोक्योच्या रीतीच्या दुकानात तो सहसा नसतो. कच्चा सॅमन सुशीवर आला तो १९८० च्या दशकात नॉर्वेनं आपला मासा जपानात खपवण्यासाठी केलेल्या प्रयत्नांनंतर. फिरत्या पट्ट्याच्या दुकानांत तो खूप खपतो, मुलांना आवडतो, त्यात वाईट काही नाही. पण या काउंटरवर तुम्ही वेगळ्या गोष्टीसाठी बसला आहात. नोव्हेंबर त्या दृष्टीनं चांगला महिना आहे. त्सुगारू सामुद्रधुनीतल्या ओमाचा ट्यूना चरबी धरून असतो. हिरामे, म्हणजे लेपीसारखा चपटा पांढरा मासा, थंडीबरोबर सुधारत जातो. मुरवलेली इकुरा, म्हणजे सॅमनची अंडी, असते. जपानच्या समुद्रातल्या पश्चिम भागात ६ नोव्हेंबरला बर्फ-खेकड्याचा हंगाम उघडतो, आणि अंड्यांनी भरलेली छोटी मादी निगिरीच्या आधीच्या छोट्या पदार्थांत येऊ शकते. तिचा हंगाम फार थोडे दिवस असतो. आली तर नशीब समजा.

तुमच्या मालवणी यजमानांसाठी थोडं वेगळं लिहितो. आपल्या किनाऱ्यावर चांगला मासा म्हणजे आत्ता होडीतून उतरलेला. तिथे ते बरोबरच आहे, कारण तो तासाभरात कालवणात पडणार असतो. कच्चा खाताना गणित बदलतं. मासा मेल्यावर त्याच्या स्नायूंतल्या एटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या रसायनाचं हळूहळू विघटन होऊन इनोसिनिक आम्ल तयार होतं, आणि माशाची गोडी बरीचशी त्यातून येते. अगदी ताज्या पांढऱ्या माशाला दाताखाली छान ताण असतो पण चव कमी असते. म्हणून मासा पकडल्यावर मेंदूत सुळा घालून आणि मज्जारज्जूत तार फिरवून मारतात, रक्त काढतात, मग थंडीत एक-दोन दिवस, काही मासे आठवडा, मोठा ट्यूना कधी त्याहूनही जास्त ठेवतात. हिरामेसारखा मासा कोंबू या समुद्री वनस्पतीच्या पानांत गुंडाळून ठेवतात, म्हणजे पाणी सुटतं आणि पानाची चव आत जाते. यजमानांना तिथला मासा ‘शिळा’ वाटायला नको म्हणून हे आधीच सांगा. आणि साबा आला, म्हणजे आपल्या बांगड्याचा जपानी भाऊबंद, तर त्यांना तो नक्की ओळखीचा वाटेल. मीठ-शिर्क्यातला साबा खाऊन कोकणातला माणूस नाराज झाला असं माझ्या पाहण्यात नाही.

भीतीचं बोलायचं तर नीट कारणासकट बोलायला हवं. कच्च्या समुद्री माशात मुख्य काळजी असते अनिसाकिस या जंताची, आणि साबा त्यात पुढे असतो. मीठ आणि शिर्क्यानं हा जंत मरत नाही; पुष्कळांचा तसा समज असतो. शिजवल्यानं मरतो, किंवा उणे २० अंशांवर २४ तास गोठवल्यानं. चांगल्या दुकानात मासा आणल्या आणल्या पोट साफ करतात, उजेडात धरून डोळ्यांनी तपासतात, बारीक चिरा देतात आणि धोक्याच्या जाती गोठवून मगच वापरतात. खोल समुद्रातला ट्यूना तर बऱ्याचदा बोटीवरच उणे ६० अंशांना गोठवलेला असतो. एवढी काळजी घेणाऱ्या जागी निरोगी माणसानं बेलाशक खावं. जेवणानंतर काही तासांत पोटात असह्य कळा आल्या तर थांबू नका, डॉक्टरकडे जा आणि कच्चा मासा खाल्ल्याचं सांगा. दुर्बिणीतून जंत काढला की आराम पडतो. तुम्ही विचारलेलं नाही, तरी वाढदिवसाच्या निमित्तानं लिहून ठेवतो: गरोदरपण असेल तर पाऱ्यामुळे मोठ्या ट्यूनाचं प्रमाण ठेवावं लागतं. जपानच्या आरोग्य मंत्रालयाचा सल्ला निळ्या पंखांच्या ट्यूनासाठी आठवड्यातून एकदा, साधारण ८० ग्रॅम असा आहे. आरक्षण करतानाच सांगितलं तर ताइशो ते तुकडे बदलून देतो.

आता आई. त्यांना नेऊ नका, असं मी मनापासून सांगतो. ओमाकासे म्हणजे काय खायचं ते ताइशो ठरवणार, आणि आठ जागांच्या दुकानात त्या दिवसाचा मासा आठ जणांच्या हिशेबानं आणलेला असतो. भाजीच्या दोन-तीन गुंडाळ्या करून त्यांच्यापुढे ठेवल्या तरी शिजवलेल्या बहुतेक गोष्टींत, अंड्यातसुद्धा, बोनितो माशाचा अर्क असतो. दोन तास समोर मासे चिरले जाणार, आणि त्या संकोचानं गारी (आल्याचं लोणचं) आणि चहावर बसून राहणार. त्यांचाही जीव रमणार नाही, तुमचाही. त्याऐवजी दुसरा दिवस त्यांच्यासाठी ठेवा. तोक्योच्या पश्चिमेला ताकाओ डोंगरावर याकुओ-इन हे बौद्ध मंदिर आहे, तिथे आगाऊ नोंदणी करून शोजिन र्‍योरी, म्हणजे भिक्षूंचं शाकाहारी जेवण मिळतं. ही पाकपद्धती कोंबू आणि मशरूमचा अर्क वापरते. मासा, मांस नाही, आणि रीतीप्रमाणे कांदा-लसूणही टाळतात. तोफूचे, कंदांचे, डाळींचे छोटे छोटे पदार्थ असतात. डोंगरावर केबल कारनं बरंच वर जाता येतं. पुण्याहून आलेल्या शाकाहारी आईला जपानचं जेवण दाखवायचं तर मी तिथेच नेईन.

वागण्याच्या बाबतीत उगाच दडपण घेऊ नका, पण तीन-चार गोष्टी खरोखर महत्त्वाच्या आहेत. अत्तर, सुवासिक तेल, हाताला लावायचं सुगंधी क्रीम त्या संध्याकाळी नको. हिनोकीच्या लाकडाच्या त्या छोट्या खोलीत एका माणसाचा वास आठही जणांच्या जेवणात उतरतो. बांगड्या, जाड पट्ट्याचं घड्याळ काढून पर्समध्ये ठेवा. काउंटर एका अखंड फळीचा असतो आणि त्यावर ओरखडा पडला की तो रंधून काढावा लागतो. वेळेच्या पाच मिनिटं आधी दाराशी असा, कारण सगळ्यांना एकदमच सुरुवात करतात. फोटोची परवानगी आधी विचारा, माशाचा काढा, शेजारच्या गिऱ्हाइकाचा नको. हातानं खाल्लं तरी चालतं. निगिरीची सुरुवात रस्त्यावरच्या गाड्यांवर झाली आणि तिथे लोक उभ्यानं हातानंच खात. सोयाची वाटी समोर नसेल तर ती मागू नका, निकिरी नावाचा सौम्य केलेला सोया ताइशोनं आधीच ब्रशनं लावलेला असतो. वासाबीही आतच असतो, खरा कंद शार्कच्या कातडीवर त्याच वेळी किसलेला. तिखट आवडत असेल तर ‘थोडा जास्त’ सांगा, मराठी माणसाला तो सोसतो. दारू पीत नसाल तर चहा सांगा, कुणी वाईट मानत नाही. काय चालत नाही ते मात्र आरक्षणाच्या वेळीच कळवा. काउंटरवर बसल्यावर ‘मला कालवं चालत नाहीत’ सांगितलं तर त्याच्याकडे बदली मासा नसतो.

पैशांचा हिशेब. ३३,००० हा आकडा बहुधा ३०,००० येनांवर १० टक्के उपभोग कर धरून आलेला आहे. वर सेवाशुल्क आहे का ते आरक्षणाच्या पानावर पाहा, काही ठिकाणी आणखी १० टक्के लावतात. बक्षिशी द्यायची नसते. गिंझात रात्रीच्या ओमाकासेसाठी हा भाव मधला आहे, याहून बरेच महाग काउंटर त्याच गल्ल्यांत आहेत. आठ माणसं, दोन पंगती, मागे दोन-तीन मदतनीस, गिंझाचं भाडं आणि रोजचा बाजार धरला तर ताइशोच्या हाती फार उरत नाही. मासे जास्त आणले तर दुसऱ्या दिवशी फेकावे लागतात, म्हणूनच आयत्या वेळी रद्द केलं तर पुष्कळ दुकानं पूर्ण पैसे कापतात. ती त्यांची अडवणूक नाही. पोट भरेल का, अशी शंका असेल तर भरेल. आजची निगिरी एदोतल्या निगिरीच्या मानानं खूपच लहान आहे. १९४७ मध्ये तांदळाच्या टंचाईमुळे खाणावळी बंद ठेवायचा आदेश निघाला, तेव्हा तोक्योच्या सुशीवाल्यांनी तोड काढली: गिऱ्हाइकानं एक गो (एक जपानी माप, साधारण १५० ग्रॅम) तांदूळ आणावा आणि मजुरी देऊन दहा नग घेऊन जावेत. एका माणसाची सुशी म्हणजे दहाच्या आसपास नग, हे माप तेव्हा घट्ट झालं. तुमच्या पानात आधी छोटे पदार्थ आणि मग दहा-पंधरा निगिरी येतील.

नव्या दुकानाचा मोठा फायदा सांगायचा राहिला. जुन्या नावाजलेल्या काउंटरवर आज जागा मिळणं ओळखीशिवाय कठीण झालं आहे. सुकियाबाशी जिरो या दुकानाला, हॉटेलांना तारे देणाऱ्या मिशेलिननं २०१९ च्या शेवटी आपल्या पुस्तकातून वगळलं, कारण सामान्य माणसाला तिथे आरक्षणच मिळत नव्हतं. नव्या ताइशोला मात्र पहिल्या वर्षी गिऱ्हाइकं जोडायची असतात. तो बोलतो, विचारतो, तुमचा चेहरा लक्षात ठेवतो. त्याला भात कसा वाटला ते सांगा. ‘ओइशी’ (छान लागलं) एवढंच न म्हणता कोणती निगिरी आवडली, कुठे शिर्का जरा पुढे वाटला, ते तुमच्या जपानीत जमेल तसं सांगा. मी काउंटरमागे असताना असं बोलणारी माणसं आम्ही नावानिशी ओळखत असू आणि ती पुन्हा आली की त्यांच्या आवडीचा तुकडा बाजूला ठेवत असू.

जेवण आवडलं तर घरी जाऊन विचार करत बसू नका, पैसे देतानाच पुढची तारीख विचारा. फेब्रुवारीत घेतलीत तर शिंपले उत्तम असतात आणि भातही तोवर तीन महिने पुढे गेलेला असेल. शिंको खायचा असेल तर जुलैच्या उत्तरार्धातली जागा मागा, आणि ती रविवारची नको, सोमवारचीही शक्यतो नको: तोयोसूचा बाजार रविवारी बंद असतो.